एकूण हजर : दोन

विषय : इन्नार्सुक वस्तीतील रहिवासी क्रमांक दोन, श्रीमती ताबिता, यांचा मृत्यू नोंदवून त्यांचे नाव मोकळे करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा सप्टेंबरचा मूळ अर्ज, स्मरणपत्रे ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी व मार्च. (डिसेंबरात अर्जदार फार चिडलेला असल्याने स्मरणपत्र पाठवले नाही.)

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर श्रीमती ताबिता या अर्जदाराच्या पत्नी असून त्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारल्या. त्या वारल्या आहेत हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे. कार्यालयास ते मान्य नाही.

१

हात सवयीने चालतो. अर्जाची भाषा सोडून सरळ लिहायचे तर असे आहे.

माझे नाव एनोक. ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर इन्नार्सुक नावाची वस्ती आहे, तिथे मी एकतीस वर्षे सरकारी कारकून होतो. मी रुजू झालो तेव्हा वस्तीत त्रेसष्ट माणसे आणि तीनशे कुत्री होती. मग खाडीवरचा बर्फ दर हिवाळ्यात उशिरा धरू लागला आणि लवकर सुटू लागला. कुत्र्यांची गाडी घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत येईल, याची खात्री राहिली नाही. शिकारी शहराकडे गेले. चार हजार वस्तीला आमच्याकडे शहर म्हणतात. शाळा बंद झाली, दुकान बंद झाले, आणि शेवटी मी आणि ताबिता राहिलो. ताबिता कातडी कमवायची. मी तक्ते भरायचो.

तक्ता महिन्याला एक. त्यात शेवटचा रकाना 'वस्तीत एकूण हजर'. शिवाय दर सोमवारी सकाळी अकराला शहराहून रेडिओवर विचारणा व्हायची, "इन्नार्सुक, किती?" मी घसा खाकरायचो आणि "दोन" म्हणायचो. ताबिता चुलीपाशी कातडे खरवडत असायची. ती दर सोमवारी विचारायची, "कोण आहे?" आणि मी दर सोमवारी सांगायचो, "कोणी नाही. ऑफिस."

लग्न टिकायला एवढे पुरते.

२

बर्फ गेला तशी जहाजे आली. आमच्या खाडीसमोरचा समुद्र पूर्वी वर्षातले दहा महिने बंद असायचा, त्यामुळे तो कोणाचा हे विचारायची कोणाला गरज नव्हती. आता तिथून मालाची जहाजे जाऊ शकतात आणि तळाशी काहीबाही मौल्यवान आहे म्हणतात. तीन देशांना आमच्या किनाऱ्याचे प्रेम एकदम दाटून आले. पाहणीच्या नावाखाली राखाडी जहाजे यायची, खाडीच्या तोंडाशी दोन दिवस उभी राहायची, आणि दुर्बिणीतून आमची धुराडी मोजून जायची. एकदा एका जहाजाने सदिच्छा म्हणून डबाबंद पीच पाठवले. ताबिताने ते कुत्र्यांना घातले. कुत्र्यांनी खाल्ले नाहीत.

राजधानीतल्या किनारा-वस्ती विभागाने मग परिपत्रक काढले. वर्षभर दोन माणसे राहात असतील तर ती 'वस्ती'. एक माणूस असेल तर 'मुक्काम'. कोणी नसेल तर 'मोकळा किनारा', आणि मोकळ्या किनाऱ्यावर कोणीही हक्क सांगू शकतो.

म्हणजे तीस वर्षे ज्यांना आमच्या दुकानात पीठ पाठवायला सवड झाली नाही, त्यांचा सगळा समुद्र आता माझ्या आणि ताबिताच्या डोक्यावर उभा होता. दर उन्हाळ्यात नवा झेंडा यायचा. सोबत तो कसा चढवावा याची चार पानी सूचना.

३

ताबिता फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी गेली. तिला महिनाभर श्वास पुरत नव्हता. हेलिकॉप्टर मागितले होते. धुके होते, ते आले नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन खणता येत नाही. माणसाला पेटीत ठेवून उन्हाळ्याची वाट पाहायची. मी मासे खारवायच्या शेडमध्ये पेटी केली, तिला निजवले, तिची कातडे खरवडायची अर्धचंद्री सुरी तिच्या हाताशी ठेवली आणि खिळे ठोकले. मग सोमवार आला. अकरा वाजता मी रेडिओवर सांगितले, "एक."

पलीकडे गडबड झाली. अर्ध्या तासाने शहरातल्या नोंदणी कार्यालयातून निवी बोलली. ती हुशार मुलगी आहे, माझ्या मुलीच्या वर्गात होती.

"एनोक, ऐकून फार वाईट वाटलं. ताबिताने मला पहिले बूट शिवून दिले होते."

"हं."

"एक विचारू का? मे महिन्यात परिषद आहे. तिन्ही देश येणार आहेत. वरून सांगितलंय, तोवर आकडा हलवू नका."

"लेखी आहे का?"

"तुम्हीच सांगा, असलं कोणी लेखी देतं का?"

इथे माझी चूक झाली आणि ती मी मान्य करतो. मी रकाना पुन्हा वाचला. 'वस्तीत एकूण हजर.' जिवंत असे कुठे म्हटले नव्हते. ताबिता शेडमध्ये होती, शेड वस्तीत होती. जून आला की पुरताना मृत्यूची नोंद करू, चार महिन्यांनी काय बिघडते, असा विचार केला. वरचा माणूस म्हणाला की आकडा धरून ठेवायचा, हे एकतीस वर्षांत अंगात मुरलेले. मी तक्ता भरला. एकूण हजर, दोन. खाली सही, शिक्का.

शिक्क्याचा एक कोपरा तुटलेला आहे. रुजू झालो त्या वर्षीच माझ्या हातून पडला होता.

४

मार्चमध्ये एका सकाळी झेंड्याची दोरी ताणायला बाहेर गेलो, तेव्हा शेडकडून कर्र, कर्र असा आवाज आला. थांबून, पुन्हा. कातडे ताणून त्यावर सुरी चालवली की जो येतो तो.

मी विचार करणारा माणूस आहे. दोरी घासत असेल. पण दोरी माझ्या हातात होती. मग कोल्हा असेल. मग बर्फ आकसत असेल. हल्ली तो काय करील याचा नेम नाही. असे एकेक कारण लावत मी शेडपर्यंत गेलो आणि कुलपात किल्ली फिरवली. आवाज थांबला.

पेटी होती तशी. खिळे होते तसे, झाकणावरची हिमाची साय अखंड. फक्त ताबिताच्या कातडे ताणायच्या चौकटीखाली जमिनीवर पांढरी खरवड पडली होती, चरबीची. मी चिमूटभर उचलून बोटात चिरडली. उणे बावीस अंश होते आणि ती मऊ होती.

मी ती झाडून गोळा केली आणि बर्फाच्या भेगेतून समुद्रात टाकली. ज्याला रकाना नाही ते कारकुनाने जवळ ठेवू नये.

एप्रिलमध्ये हेलिकॉप्टरच्या टपालाने विभागाचे पत्र आले. परक्या देशाच्या विमानाने किनाऱ्याचे फोटो काढले होते आणि ते परिषदेच्या कागदांत लागले होते. पत्रात विभागाने माझे अभिनंदन केले होते. विमानातून मोजणी : उघड्यावर दिसलेल्या व्यक्ती, दोन. धूर येणारी धुराडी, दोन.

शेडला धुराडे आहे, पण आत शेगडी नाही. ती मी शाळा बंद झाली त्या वर्षी काढून विकली.

५

जूनमध्ये ओले आला. ओले हा सामानाच्या बोटीचा तांडेल. चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि तोंडाचा फाटका. त्याच्याबरोबर चर्चचा प्रवचनकार होता. तिघांनी पेटी टेकडावर नेली, दगड रचले, पांढरा क्रूस लावला. प्रवचनकाराने वस्तीच्या प्रार्थनाघरातल्या दफनवहीत नोंद केली, आम्ही सह्या केल्या. मी जूनच्या तक्त्यात लिहिले : एकूण हजर, एक.

तक्ता परत आला. "आपल्या तक्त्यात चूक आढळली. उपग्रह, गस्तीचे जहाज व अन्य दोन देशांची निरीक्षणे यांनुसार वस्तीत दोन व्यक्ती आहेत. दुरुस्ती करून पाठवावे."

मी एकच पाठवले. ते परत आले. जुलैत तसेच. त्या तीन देशांचे माशांवर एकमत नाही, नकाशावर नाही, परिषदेत टेबल गोल असावे की लांब यावर नाही. या एका गोष्टीवर मात्र झाले.

ऑगस्टमध्ये माझी निवृत्ती आली. मुलगी आविआक शहरात असते, तिला दिवस भरत आले होते. मी शेगडी विझवली, राख बाहेर टाकली. रेडिओची बॅटरी काढून पिशवीत घातली, शिक्का खिशात. जाताना आमच्याकडे आपला कप टेबलावर पालथा घालतात, म्हणजे घरात कोणी नाही. मी माझा पालथा घातला. ताबिताचा फेब्रुवारीपासून पालथाच होता. शेवटच्या तक्त्यात लिहिले : एकूण हजर, शून्य. तो मी स्वतः शहरात दिला.

बोट खाडीतून वळली तेव्हा टळटळीत दुपार होती.

"एनोक, शेगडी विझवलीस ना रे?" ओलेने विचारले.

"विझवली."

"मग तो धूर कसला?"

मी मागे पाहिले. आमच्या घरातून सरळ, शांत धूर निघत होता, स्वयंपाक सुरू झाल्यावर निघतो तसा.

"बायकोने पेटवली असेल," ओले सवयीने म्हणाला. मग त्याचे त्यालाच कळले. त्याने सुकाणू धरले आणि शहर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

६

आविआकला सप्टेंबरच्या तीन तारखेला मुलगी झाली.

आमच्यात घरात किंवा शेजारी कोणी गेले की नंतर जन्मणाऱ्या पहिल्या बाळाला त्याचे नाव देतात. नुसती आठवण म्हणून नव्हे. नाव आले की माणूस परत आला असे धरतात आणि नातेही तेच चालू राहते. शेजारच्या म्हातारीच्या वारलेल्या नवऱ्याचे नाव मला ठेवले होते. मी चार वर्षांचा असताना ती मला "अहो" म्हणायची आणि सीलच्या काळजाचा पहिला तुकडा माझ्या पानात घालायची. ताबिताचे नाव मिळाले की आविआक बाळाला "आई" म्हणणार होती. आणि मी काय म्हणणार होतो ते मी ठरवून ठेवले होते. ते इथे लिहायची गरज नाही.

पण जिवंत माणसाचे नाव देत नाहीत. नाव मोकळे असावे लागते.

मी नोंदणी कार्यालयात गेलो. निवीने फाईल काढली आणि कागद दोनदा उलटून पाहिले.

"एनोक, ताबिता हयात आहे."

"मी तिला पुरली आहे."

"हो, पण कागदावर हयात आहे. दफनाचा पुरावा?"

"दफनवही. प्रार्थनाघरात आहे. इन्नार्सुकला."

"मग तिची नक्कल मागवा. इन्नार्सुकच्या कारकुनाकडून."

"इन्नार्सुकचा कारकून मी होतो. निवृत्त झालो. आता तिथे कोणी नाही."

तिने फाईल माझ्याकडे फिरवली. ऑगस्टचा तक्ता. माझा शून्यवाला नव्हे, दुसरा. गस्तीचे जहाज धक्क्यावरच्या टपालपेटीतून घेऊन आले होते. एकूण हजर, दोन. अक्षर माझे. दोनच्या आकड्याला मी शेपूट ओढतो, ती शेपूट होती.

मी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. निवीने तो कोऱ्या कागदावर उठवला आणि तक्त्यावरच्या ठशाशी ताडून पाहिला. दोन्हीकडे तोच कोपरा तुटलेला.

"बघा, तुमचाच आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क सुटका होती.

"निवी, मी कुठे बसलोय?"

"एनोक, माझ्यावर रागावू नका. ओले आणि प्रवचनकार साक्ष देतील, मला माहीत आहे. पण ते दोघं, आणि समोर तीन देशांचे फोटो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा परिषद आहे. वरून सांगितलंय..."

"आकडा हलवू नका."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारले. थट्टा नव्हती. ती खरेच विसरली होती.

सप्टेंबरचा तक्ताही आला. ऑक्टोबरचा आला. समुद्र हल्ली डिसेंबरपर्यंत मोकळा असतो, त्यामुळे टपालाला अडचण नव्हती. एकतीस वर्षांत माझे तक्ते इतके वेळेवर कधी गेले नव्हते.

घरी लोक बाळ पाहायला यायचे, कॉफी व्हायची, केक व्हायचा, आणि पाळण्यापाशी सगळे गप्प. काय हाक मारावी कोणाला कळेना. बिननावाचे मूल रडून नाव मागते असे जुनी माणसे सांगतात. ही रडत नसे. दाराकडे बघत बसे.

"बाबा, मी हिला उठवताना काय म्हणू?" आविआकने एकदा विचारले.

"थोडं थांब. अर्ज दिलाय."

"तुम्ही लहानपणीपण मला हेच सांगायचात."

७

जानेवारीत एका सोमवारी मी रेडिओच्या खोलीत गेलो. इसाक तिथला चालक. त्याच्याशी मी वीस वर्षे फक्त आकडे बोललो होतो, त्यामुळे आमचे चांगले जमायचे. खिडकीबाहेर जानेवारीतला निळसर उजेड होता. अकरा वाजले. त्याने यादीप्रमाणे वस्त्या घेतल्या.

"इन्नार्सुक, किती?"

माझा घसा खाकरला गेला, सवयीने. तेव्हाच यंत्रातूनही कोणी घसा खाकरला.

"दोन."

इसाकने लिहून घेतले. "तुमच्यासारखाच बोलतो हो हा नवा," तो म्हणाला.

"नवा कोणी नेमलेला नाही. आणि त्या रेडिओची बॅटरी माझ्या मुलीच्या माळ्यावर आहे."

"दुसरी घातली असेल की." इसाकलाही कारणे लावता येतात. सगळ्यांना येतात.

मी त्याच्या हातून माईक घेतला. नियमात बसत नाही. विचारायचे होते, तू कोण आहेस, कोणाच्या परवानगीने सही करतोस. पण तोंडातून निघाले ते एवढेच, "इन्नार्सुक. ताबिता आहे का तिथे?"

उत्तर आले नाही. यंत्र उघडे होते. खरखरीच्या मागे दुसरा आवाज होता, कर्र, कर्र, ठरल्या लयीत. तो थांबला. मग थोड्या अंतरावरून, चुलीपाशी बसलेल्या माणसाचा यावा तसा, बाईचा आवाज आला.

"कोण आहे?"

आणि माईकजवळून उत्तर गेले, "कोणी नाही. ऑफिस."

यंत्र बंद झाले.

"झालं समाधान?" इसाक म्हणाला. "आहेत की दोघंही."

मी टोपी घातली आणि घरी आलो. वाटेत एकच गोष्ट मनात राहिली. फेब्रुवारीत जो श्वास तिला पुरत नव्हता, तो त्या दोन शब्दांत पुरत होता. आवाजात थोडा कंटाळा होता, दर सोमवारी असायचा तेवढा. आजार नव्हता. घरी आलो तेव्हा बाळ पाळण्यातून दाराकडे बघत होते.

त्या आठवड्यात मी स्मरणपत्र लिहायला बसलो आणि विषयाची ओळ लिहून बराच वेळ पुढे सरकलो नाही. कोणाचा मृत्यू मागतो आहे, असा प्रश्न मला एकतीस वर्षांत कधी पडला नव्हता. मग पाळण्याकडे पाहिले आणि लिहिले.

८

मार्चमध्ये मी आणखी एक अर्ज दिला. दफनवहीची नक्कल मिळत नसेल तर मला स्वतः जाऊन ती आणू द्या. ओले बोट द्यायला तयार आहे. तो धक्क्यावरच थांबणार, वर येणार नाही, असे त्याने तीनदा सांगितले.

उत्तर एका आठवड्यात आले. इतके झटपट उत्तर म्हणजे नकार, पण पूर्ण नकार नव्हता. "इन्नार्सुक हा आता संवेदनशील किनारा असल्याने बाहेरील व्यक्तीस प्रवेशासाठी स्थानिक कारकुनाची शिफारस आवश्यक आहे. आपले दोन्ही अर्ज, मृत्यूनोंदीचा व प्रवेशाचा, अभिप्रायार्थ इन्नार्सुकच्या कारकुनाकडे पाठवण्यात येत आहेत."

मी ते पत्र आविआकला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले.

"म्हणजे तो ठरवणार?"

"हो."

"बाबा, तो काय लिहील?"

मी पत्राची घडी घातली. त्या कारकुनाला मी ओळखतो. माणूस वाईट नाही. घरात सोबत असली, चुलीपाशी कोणी कातडे खरवडत असले, तर त्याला जगाकडून दुसरे काही नको असते. आणि आकडा हलवू नका असे कोणी नुसते तोंडी सांगितले, तरी तो हलवत नाही.

टपाल घेऊन जहाज पूर्वी जूनच्या शेवटी इन्नार्सुकला पोचायचे. यंदा बर्फ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच सुटला. काल जहाज निघाले. त्यात सामानाच्या यादीत नवा झेंडा आहे, आणि त्याच पिशवीत माझे दोन अर्ज आहेत.

मुलगी सात महिन्यांची झाली. दात आले आहेत. नोंदवहीत तिच्या नावाच्या रकान्यात रेघ आहे.

अर्ज प्रलंबित आहेत.